उसाचे बिल शेतीचे, मग बिलावरचे व्याज कशाचे?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. सासऱ्यांकडून आलेली बागायती जमीन त्यांच्या नावावर असून शेतीचा सगळा व्यवहार त्या स्वतः पाहतात. आर्थिक वर्ष 2023-24 च्या विवरणपत्रात त्यांनी पगाराखेरीज 14,60,000 रुपये शेतीचे करमुक्त उत्पन्न म्हणून एकाच आकड्यात दाखवले होते. खर्च वजा जाता त्यात उसाचे 5,20,000, ऊसरोपांच्या रोपवाटिकेचे 3,10,000, गुऱ्हाळाच्या गुळाचे 2,40,000, दुधाचे 1,80,000, तोडलेल्या झाडांचे 1,50,000 आणि साखर कारखान्याकडून मिळालेले व्याज व लाभांश मिळून 60,000 रुपये आहेत. आता प्राप्तिकर विभागाची नोटीस आली आहे. हे उत्पन्न शेतीचे कसे, ते पुराव्यासह दाखवावे, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची वीस गुंठे जमीन विकली, तिचाही खुलासा मागितला आहे. त्या विचारतात, ‘कायद्यात शेती या शब्दाची व्याख्याच नाही असे आमचे सल्लागार सांगतात. मग शेती म्हणजे काय हे अधिकारी ठरवणार कशावरून? सातबारा माझ्या नावावर आहे, सगळे शेतातूनच येते, तर त्याचे भाग का पाडायचे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या सल्लागारांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. प्राप्तिकर कायदा, 1961 च्या कलम 2(1अ) मध्ये ‘शेती उत्पन्न’ याची व्याख्या आहे आणि कलम 10(1) त्या उत्पन्नाला करातून सूट देते. परंतु त्या व्याख्येच्या पोटात येणारा ‘शेती’ हा शब्द मात्र कायद्याने मोकळा सोडला आहे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला असला, तरी आपली नोटीस जुन्या कायद्याखालच्या वर्षाची आहे, आणि शेती उत्पन्नाच्या व्याख्येचा गाभा नव्या कायद्यातही तोच ठेवलेला असल्यामुळे पुढे लिहिलेले आपल्याला येत्या वर्षांतही उपयोगी पडेल.

मोकळ्या सोडलेल्या शब्दाचा अर्थ अधिकारी आपल्या मनाने ठरवू शकत नाही. ज्या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही, तो त्या व्यवहारातली माणसे ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने वाचावा, ही न्यायालयांची जुनी रीत आहे. विक्रीकराच्या एका प्रकरणात, जे आपल्या अकोल्याहून सर्वोच्च न्यायालयात गेले होते, विड्याची पाने ‘भाजी’ ठरतात का हा प्रश्न होता. पान वनस्पतीचेच असले तरी बाजारात भाजी मागणाऱ्याला कोणी विड्याची पाने देत नाही, अशा विचाराने 1961 साली न्यायालयाने ती भाजी नव्हे असा निर्णय दिला. वनस्पतिशास्त्राचा किंवा शब्दकोशाचा अर्थ तिथे चालला नाही. प्राप्तिकराच्या प्रकरणांतही हीच कसोटी वापरली जाते, परंतु ‘शेती’ या शब्दाच्या बाबतीत ती एकटी पुरेशी पडली नाही, कारण गोठा, कोंबड्या, रान आणि बाग या सगळ्यांना खेड्यातला माणूस सहज ‘शेतीचे काम’ म्हणतो. म्हणून न्यायालयाला अधिक खोलात जावे लागले, आणि ते ज्या निकालात गेले तो आपल्या झाडांच्या उत्पन्नाशी इतका जुळतो की मी तो सविस्तर सांगणार आहे.

राजा बिनयकुमार सहास रॉय यांच्या प्रकरणाचा हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली दिला. बंगालमधल्या त्यांच्या जमीनदारीत साल आणि पियासाल या झाडांचे दीडशे वर्षांहून जुने जंगल होते. ते मूळचे आपोआप उगवलेले होते, पण इस्टेटीचे नोकर त्याची राखण करत, नको ती वाढ काढत, गुरे आत येऊ देत नसत आणि ठरावीक क्रमाने झाडे तोडून विकत. इतकी मेहनत घेतली म्हणजे ती शेतीच झाली, असे मालकांचे म्हणणे होते. न्यायालयाने शेतीच्या कामांचे दोन गट पाडले. जमीन नांगरणे, बी पेरणे, रोप लावणे ही मूळ कामे, ज्यांत माणसाचे श्रम आणि कौशल्य थेट जमिनीवर खर्च होते. आणि खुरपणी, झाडाभोवतीची माती मोकळी करणे, छाटणी, राखण, कापणी ही नंतरची कामे. नंतरची कामे मूळ कामांच्या जोडीने झाली तर दोन्ही मिळून शेती होते. मूळ कामे मुळीच झाली नसतील तर नंतरच्या कामांवर कितीही खर्च केला तरी तिला शेती म्हणता येत नाही, असा तो निष्कर्ष आहे. पीक कोणते यावर मात्र न्यायालयाने बंधन घातले नाही. धान्य, फळे, भाजीपाला, गवत, धागा, इमारती लाकूड, काहीही असो, ते जमिनीतून काढलेले असावे आणि उपभोगाला किंवा व्यापाराला उपयोगी पडणारे असावे, एवढे पुरते. याच निकालात हेही म्हटले आहे की केवळ जमिनीशी संबंध आहे म्हणून पशुपालन, दुग्धव्यवसाय, लोणी व चीज करणे किंवा कुक्कुटपालन ही शेती होत नाही.

आता या निकालाचा शेवट पाहा, कारण माझ्या सगळ्या उत्तराचा आधार तो आहे. इतका स्पष्ट नियम सांगूनही न्यायालयाने विभागाचे अपील फेटाळले. दीडशे वर्षांत त्या रानातले काही भाग उजाड होत गेले होते आणि तिथे मालकांनी नवी झाडे लावून वाढवली होती, अशी नोंद खालच्या टप्प्यावर आलेली होती. त्या लावलेल्या झाडांचे उत्पन्न निःसंशय शेतीचे होते. आपोआप उगवलेल्या झाडांचे किती आणि लावलेल्यांचे किती हे वेगळे काढणे शक्य होते, परंतु विभागाने तशी चौकशी कधी केलीच नाही, त्यामुळे सगळे उत्पन्न बिगरशेतीचे आहे असे म्हणता येईना. ज्याने उत्पन्नाचे भाग पाडले नाहीत, तो हरला. तिथे तो विभाग होता. आपल्या प्रकरणात ती जोखीम आपल्यावर आहे, कारण सूट मागणाऱ्याने ती सिद्ध करायची असते हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली रामकृष्ण देव यांच्या प्रकरणात, तेही जंगलाच्याच उत्पन्नाबाबत, स्पष्ट केले आहे. ‘भाग का पाडायचे’ या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. आपले 14,60,000 एकत्र ठेवले, तर एका नाकारण्याजोग्या भागामुळे अधिकाऱ्याला संपूर्ण आकड्यावर संशय घेण्याला जागा मिळते. वेगळे मांडले, तर त्यातला मोठा भाग वादाबाहेर जातो.

उसाच्या 5,20,000 रुपयांबद्दल वाद होऊ नये. खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर जुन्याच बुडख्यांतून फुटून येणाऱ्या उसाची, शंका कोणी काढलीच, कारण त्या वर्षी नवी लागण झालेली नसते, तर उत्तर याच निकालात आहे: मूळ लागण आपणच केलेली आहे, आणि पाचट कुजवणे, बगला फोडणे, खत-पाणी देणे ही नंतरची कामे त्या लागणीला जोडलेली आहेत. लागणीची तारीख पीक पाहणीच्या नोंदीतून किंवा कारखान्याकडे केलेल्या ऊस नोंदीतून दाखवावी. कारखान्याच्या वजनपावत्या आणि ऊसबिले या तर तिऱ्हाइताने दिलेल्या कागदपत्रांत मोडतात आणि सातबाऱ्यापेक्षा त्यांचे वजन जास्त पडते. सातबाऱ्यावरची नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा आहे, त्याहून अधिक काही नाही. त्यावरून जमीन कुणाची आणि कोणते पीक नोंदले हे कळते. खात्यात आलेला रुपया त्या पिकाचा आहे हे त्यावरून कळत नाही.

झाडांच्या 1,50,000 रुपयांत आपण लिहिल्याप्रमाणे सासऱ्यांनी लावलेला साग आहे आणि ओढ्याकाठची बाभळी-कडुलिंबाची झाडेही आहेत. सागाचे उत्पन्न शेतीचे आहे. लागवड आपण स्वतः केली नाही, आधीच्या पिढीने केली, याने फरक पडू नये, कारण कसोटी झाड लावले गेले की आपोआप आले एवढीच आहे. बाभळी आपोआप उगवल्या असतील तर त्यांच्या विक्रीची रक्कम वेगळी काढून शेती उत्पन्नातून बाहेर ठेवावी. ती रक्कम लहान असणार आणि ती आपण होऊन बाहेर ठेवल्याने सागाबद्दलचे आपले म्हणणे बळकट होईल. सागतोडीसाठी आपण परवानगी घेतली असणार. त्या वेळच्या पंचनाम्यात झाडांची संख्या, घेर आणि गट क्रमांक असतो. झाडे ओळीत, ठरावीक अंतरावर होती असा उल्लेख त्यात असेल, किंवा बुंधे अजून जमिनीत असून त्यांचे फोटो काढता येत असतील, तर लागवडीचा याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही. बुंधे काढून टाकण्यापूर्वी हे काम करून घ्या.

रोपवाटिकेविषयी आपण बरीच धास्ती घेतलेली दिसते, कारण रोपे शेडनेटखाली, ट्रेमध्ये, कोकोपीटवर वाढतात आणि ट्रे तर जमिनीलाही टेकत नाहीत. पूर्वी हा खरोखर वादाचा मुद्दा होता. मद्रास उच्च न्यायालयाने सौंदर्य नर्सरी प्रकरणात कुंडीतल्या रोपांमागेही जमिनीवरची मूळ कामे असतात हे मान्य करून रोपवाटिकेचे उत्पन्न शेतीचे धरले होते, पण सगळीकडे तोच दृष्टिकोन घेतला जाईल याची खात्री नव्हती. नंतर संसदेनेच 2008 च्या वित्त कायद्याने कलम 2(1अ) ला तिसरे स्पष्टीकरण जोडले, आणि त्यानुसार रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेतीचे मानले जाते. ‘मानले जाते’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. कायद्याने एखादी गोष्ट मानायला सांगितली की मूळ कामे झाली का, जमीन वापरली का, हे प्रश्न पुन्हा उकरता येत नाहीत. (अळंब्यांना असे स्पष्टीकरण नाही, तरीही ट्रेमधल्या मातीवर वाढवलेल्या अळंब्यांचे उत्पन्न शेतीचे आहे असे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या हैदराबाद येथील विशेष पीठाने 2018 साली ठरवले. जमिनीचा अर्थ न्यायसंस्था किती ताणू शकते हे त्यावरून कळते.) आपल्या बाबतीत काळजीची जागा वेगळीच आहे. ‘वाढवलेली’ रोपे म्हणजे आपल्या रोपवाटिकेत वाढवलेली. हंगामात मागणी वाढली म्हणून शेजारच्या रोपवाटिकेतून तयार रोपे आणून आपण विकली असतील, तर त्यावरचा नफा हा व्यापाराचा नफा आहे. पत्रात आपण ‘कधी कधी बाहेरूनही रोपे घेतो’ असे लिहिले आहे. ती खरेदी आणि तिची विक्री वेगळी काढणे आवश्यक आहे. बेण्याचा डोळा, ट्रे, कोकोपीट आणि मजुरी यांचा खर्च विकलेल्या रोपांच्या संख्येशी जुळतो का, हे अधिकारी पहिल्यांदा पाहील.

गुळाचा प्रश्न खरा अवघड आहे आणि इथे आपल्याला काही भाग सोडावा लागेल असे मला वाटते. व्याख्येप्रमाणे शेतकरी आपला माल बाजारात नेण्याजोगा व्हावा म्हणून सर्वसाधारणपणे जी प्रक्रिया करतो, तिच्यातून मिळणारे उत्पन्नही शेतीचेच असते. भाताची मळणी, तंबाखू सुकवणे, हळद शिजवून वाळवणे ही कामे त्यात बसतात, कारण त्याशिवाय तो माल बाजारात जातच नाही. परंतु उसाला उसाच्याच रूपात गिऱ्हाईक आहे. आपल्या शेताच्या अवतीभवतीच त्याचा काटा आहे. तेव्हा गूळ करणे ही ऊस विकण्याजोगा करण्याची प्रक्रिया ठरत नाही, तो त्यापुढचा उद्योग ठरतो. न्यायालये या बाबतीत किती काटेकोर आहेत याचा अंदाज के. लक्ष्मणसा प्रकरणातून येतो. तिथे करदाते तुती लावून तिच्या पाल्यावर रेशीमकिडे वाढवत आणि कोष विकत. तुतीच्या पाल्याला वेगळा बाजार नाही, म्हणून कोष हाच शेतमाल धरावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही: शेतकऱ्याचा माल तुतीचा पाला आहे, कोष हा त्याचा शेतमाल म्हणता येत नाही. पाल्याची जर ही गत, तर उसाचे काय सांगावे?

तरीही गुळाचे सगळे 2,40,000 रुपये करपात्र होत नाहीत, आणि हे आपल्या उत्तरात ठळकपणे यायला हवे. प्राप्तिकर नियम 7 प्रमाणे, स्वतः पिकवलेला माल आपल्याच उद्योगात कच्चा माल म्हणून वापरला, तर त्या मालाची बाजारभावाने येणारी किंमत उद्योगाच्या उत्पन्नातून वजा करायची असते. बाजारभाव म्हणजे त्या वर्षात तो माल सरासरी ज्या दराने विकला गेला तो दर. आपण त्याच हंगामात कारखान्याला ऊस घातला असल्याने दर शोधायला लांब जावे लागणार नाही. आपलेच ऊसबिल पुरावा आहे. गुऱ्हाळात किती टन ऊस गाळला हे गुळाच्या ढेपांच्या वजनावरून आणि एका टन उसातून नेहमी किती गूळ पडतो त्यावरून काढता येईल. उसाची ती किंमत शेती उत्पन्नात जाते. ती आणि गुऱ्हाळाचा चुलवण-मजुरीचा खर्च वजा करून जो नफा उरेल, तेवढाच धंद्याचा. त्याच चुलवणावर शेजाऱ्यांचा ऊस विकत घेऊन गाळला असेल, तर त्याचा संपूर्ण नफा धंद्याचा. मात्र आपल्या उसाची लागवड, खत, तोडणी यांचा खर्च दोनदा वजा होणार नाही, याची काळजी घ्या.

दुधाबद्दल थोडक्यात सांगतो: ते शेतीचे उत्पन्न नाही. वैरण आपल्याच शेतातली असली आणि शेण आपल्याच शेतात जात असले तरी नाही. हे 1957 पासून ठरलेले आहे आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

उरले कारखान्याचे 60,000 रुपये. रक्कम सगळ्यांत लहान, पण आपल्या पत्रातला खरा कायद्याचा प्रश्न हाच आहे, कारण इथे ‘शेती’ या शब्दाचा अर्थ लावायचा नसून ‘जमिनीपासून मिळालेले’ याचा अर्थ लावायचा आहे. ऊस दर नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि न दिल्यास वार्षिक 15 टक्के दराने व्याज द्यायचे असते. आपल्याला मिळालेले व्याज त्याच नियमाने मिळालेले आहे. आपण लिहिता, ‘ऊस माझा, बिल माझे, उशीर त्यांचा, मग व्याज शेतीचे का नाही?’ रामगढच्या राजा कामाख्यानारायण सिंह यांनी जवळपास हाच प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, मांडला होता. शेतजमिनीचा खंड, म्हणजे कसणाऱ्याकडून मिळणारे भाडे, हे शेती उत्पन्न, तर थकलेल्या खंडावरचे व्याजही शेतीचे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. 1948 च्या त्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की उत्पन्न कशापासून मिळाले हे पाहायला त्याची वंशावळ शोधावी लागते खरी, परंतु प्रत्यक्ष आणि परिणामकारक उगम सापडला की शोध तिथेच थांबवायचा. व्याजाच्या वंशावळीत जमीन दिसते, पण ती दुसऱ्या पिढीत. व्याजाचा थेट उगम म्हणजे न मिळालेला खंड, आणि खंड म्हणजे जमीन नव्हे.

हाच विचार पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बाचा गुजदर यांच्या प्रकरणात लाभांशाला लावला. त्यांच्याकडे चहाच्या दोन कंपन्यांचे शेअर होते आणि 2,750 रुपये लाभांश मिळाला होता. कंपनीच्या चहाच्या उत्पन्नातला 60 टक्के भाग कायद्याने शेतीचा मानला जातो, म्हणून लाभांशातले 1,650 रुपयेही शेतीचे धरावेत अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने ती नाकारली. भागधारकाला लाभांश मिळतो तो कंपनीशी असलेल्या नात्यामुळे. चहाच्या मळ्याशी त्याचा स्वतःचा कोणताही संबंध नसतो, आणि कंपनी ही भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे. आपला सहकारी साखर कारखानाही तशीच वेगळी व्यक्ती आहे. शेअर घेतल्याशिवाय सभासद म्हणून उसाची नोंद होत नाही, हे आपले म्हणणे व्यवहारात खरे आहे, तरी लाभांशाचा थेट उगम शेअर हाच राहतो. तेव्हा व्याज आणि लाभांश दोन्ही ‘इतर उत्पन्न’ म्हणून करपात्र धरा. उशिरा मिळालेल्या पैशावरही कर भरावा लागतो हे मनाला लागते, याची मला कल्पना आहे. कारखान्याने चौदा दिवसांचा नियम पाळला असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. परंतु या मुद्द्यावर वादाला मला फारशी जागा दिसत नाही.

जमिनीच्या विक्रीत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते क्रमाने सोडवावेत. पहिला अंतराचा. ग्रामीण शेतजमीन ही कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण म्हणजे दहा हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून 2 किलोमीटरपलीकडची. लोकसंख्या एक लाख ते दहा लाख असेल तर 6 आणि त्याहून जास्त असेल तर 8 किलोमीटरपलीकडची. आपण लिहिलेले तीन किलोमीटर हे रस्त्याचे अंतर आहे. 2014-15 या कर निर्धारण वर्षापासून अंतर सरळ रेषेत, हवाई पद्धतीने मोजायचे असते. ही सुधारणा मागील वर्षांना लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले आहे, पण आपला व्यवहार त्यानंतरचा असल्याने त्याचा आपल्याला उपयोग नाही. आपली नगरपालिका एक लाखापर्यंतच्या लोकसंख्येची धरली, तर मर्यादा दोन किलोमीटरची, आणि वळणाच्या रस्त्याने तीन किलोमीटर असलेले अंतर सरळ रेषेत दोनच्या आत येऊ शकते, म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून किंवा सक्षम अधिकाऱ्याकडून नगरपालिकेच्या हद्दीपासूनचे, बसस्थानकापासूनचे नव्हे, हवाई अंतराचे लेखी प्रमाणपत्र घ्या.

दुसरा प्रश्न जमिनीच्या स्वरूपाचा. ती विक्रीच्या दिवशी खरोखर शेतजमीन होती का? सर्वोच्च न्यायालयाने सुरतेच्या सरीफाबीबी प्रकरणात 1993 साली सांगितले की एकाच बाबीवरून हे ठरत नाही, सगळी परिस्थिती एकत्र तोलावी लागते. तिथे महसुली दप्तरी जमीन शेतीची होती, पण ती पालिका हद्दीत होती, विक्रीआधी काही वर्षे तिच्यात पीक नव्हते, ती गृहनिर्माण संस्थेला विकली आणि दर चौरस यार्डाने ठरला. म्हणून ती शेतजमीन धरली नाही. उलट गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, नारळाच्या बागेतून विक्रीजोगे उत्पन्न निघाले नाही एवढ्यावरून जमीन शेतीची राहत नाही असे नव्हे, असे म्हटले. आपल्या वीस गुंठ्यांत विक्रीच्या वर्षापर्यंत सोयाबीन होते आणि बिनशेती परवानगीचा अर्ज आपण केला नव्हता, या दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. खरेदीखतात दर गुंठ्यावर आहे की चौरस फुटावर, हे मात्र एकदा पाहून घ्या. अंतर दोन किलोमीटरच्या आत निघाले, तर कलम 54ब प्रमाणे विक्रीपासून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली आहे का, किंवा मुदतीत रक्कम भांडवली लाभ खात्यात ठेवली होती का, हे आपल्या सल्लागारांशी बोला.

अर्थाबाबत शंका असेल तर ती करदात्याच्या बाजूने सोडवावी, असे आपण कुठेतरी वाचल्याचे लिहिले आहे. कर लावणाऱ्या तरतुदीबाबत ते खरे आहे. सूट देणाऱ्या तरतुदीबाबत मात्र 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दिलीप कुमार आणि कंपनी या प्रकरणात, जे मूळचे मुंबईच्या सीमाशुल्काचे होते, उलट नियम सांगितला: सूट काटेकोर वाचायची आणि संदिग्धता उरली तर तिचा फायदा सरकारला. म्हणून ‘व्याख्या नाही, तेव्हा माझ्या बाजूने धरा’ हा मुद्दा उत्तरात घेऊ नका. आपली बाजू ज्या अर्थांवर उभी आहे ते न्यायालयांनी ठरवून दिलेले आहेत. तिथे संदिग्धता नाही, आणि हेच आपले बळ आहे.

उत्तर आत्ताच पूर्ण द्यावे असा माझा आग्रह आहे, कारण पुढच्या पायऱ्यांचे स्वरूप वेगळे आहे. आयुक्त (अपील), मग पुण्याचे न्यायाधिकरण आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालय असा मार्ग आहे, परंतु उच्च न्यायालय फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकते. साग लावलेला होता की आपोआप उगवलेला, रोपे घरची होती की विकतची, हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत आणि ते न्यायाधिकरणापर्यंतच मिटतात. पहिल्या उत्तरात जी कागदपत्रे जोडली नाहीत, ती नंतर पुढे आणायला कारण द्यावे लागते.

दूध, व्याज, लाभांश, बाभळीची रक्कम आणि गुळाचा धंद्याचा भाग आपण स्वतःहून करपात्र दाखवणारा सुधारित तक्ता उत्तरासोबत द्या, त्यावरचा कर व्याजासह भरून चलन जोडा, आणि सगळ्या रकमा मूळ विवरणपत्रात दाखवलेल्याच होत्या, फक्त वर्गवारी वेगळी होती, हे स्पष्ट लिहा. कमी उत्पन्न दाखवल्याबद्दलचा दंड कराच्या 50 टक्के असतो आणि चुकीची माहिती दिल्याबद्दलचा 200 टक्के. सद्भावनेने दिलेले आणि कागदांनी सिद्ध होणारे स्पष्टीकरण असेल तर पहिलाही टळू शकतो. उरलेले शेती उत्पन्न करमुक्त राहील, पण पाच हजारांहून अधिक असल्याने पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते मिळवले जाईल. तो हिशेबही त्याच तक्त्यात दाखवा. पंचनाम्याची प्रत आणि अंतराचे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागणार असेल, तर नोटिशीची तारीख उलटण्याआधी पोर्टलवर मुदतवाढ मागा आणि हाती असलेली ऊसबिले व वजनपावत्या त्याच दिवशी अपलोड करून टाका.